नदीजवळचा फ्लॅट: टोकन देण्याआधी पाणी, जमीन आणि शेजार कसा तपासावा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सिंहगड रस्त्यालगत आठ वर्षं जुन्या, १२० फ्लॅटच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट आवडला आहे. मुठा नदी अंदाजे दीडशे मीटरवर आहे आणि मागच्या कुंपणाला लागून ओढा जातो. एजंट आठवड्यात टोकन मागतो आहे. इमारतीला भोगवटा पत्र आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे आणि फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे. मग पुराची काळजी करायची का? आजूबाजूचं आणखी काय बघायचं?

आधी त्या तीन दिलाशांविषयी. बँकेचा वकील मालकीची साखळी तपासतो आणि व्हॅल्युएशन करणारा बाजारभाव काढतो. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं हे दोघांच्याही कामात येत नाही. भोगवटा पत्र म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली गेली, इतकंच. पहिल्या मजल्याचं म्हणाल तर घरातली फरशी कोरडी राहील, हे खरं. पण इमारतीचा जीव तळाशी असतो. मीटर रूम, लिफ्टचा खड्डा, पंप, जमिनीखालची पाण्याची टाकी, जनरेटर आणि तुमची गाडी, सगळं तिथंच. पार्किंगमध्ये चार फूट पाणी आलं की वरचे सगळे मजले वीज, पाणी आणि लिफ्टविना बसतात, मग तुम्ही पहिल्यावर असा की सातव्यावर.

पूररेषा: कागदावर काय असतं आणि काय नसतं

महाराष्ट्रात नदीच्या दोन पूररेषा आखतात. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध असतो. निळी ते लाल हा पट्टा नियंत्रित असतो. तिथं बांधकाम होऊ शकतं, पण २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार जोत्याची, म्हणजे इमारतीच्या तळाच्या चौथऱ्याची, पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवी. तुमची इमारत त्याआधीची आहे, म्हणून हा निकष पाळला असेल असं गृहीत धरू नका, मोजून घ्या.

‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ यंदा आला की पुढची २४ वर्षं निवांत, असा नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता असते. वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात ती किमान एकदा खरी ठरण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या वर जाते. लाल रेषेच्या पुराचीसुद्धा वीस वर्षांत सुमारे १८ टक्के भरते. एजंटच्या तोंडी ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द येतात तेव्हा हा हिशेब आठवावा.

रेषा बघायची कुठे? पहिली जागा म्हणजे महापालिकेच्या विकास आराखड्याचा तुमच्या गट किंवा सर्व्हे नंबरचा भाग नकाशा. दुसरी, इमारतीचा मंजूर नकाशा. नदीकाठच्या प्रकल्पात त्यावर दोन्ही रेषा आणि त्यांच्या पातळ्या लिहिलेल्या असायला हव्यात. तिसरी, जलसंपदा विभाग; पुण्यात मंगळवार पेठेतल्या सिंचन भवनात. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. टोकनसाठी आठवडा असेल तर अर्ज टाका आणि सोबत स्वतः जाऊन नकाशा बघा.

कागदावर पातळी ‘आरएल’ म्हणून दिलेली असते, म्हणजे ठरावीक संदर्भापासून मीटरमध्ये मोजलेली उंची. लाल रेषेची आरएल आणि तुमच्या पार्किंगच्या फरशीची आरएल या दोन आकड्यांतला फरक हाच या सगळ्या चौकशीतला सर्वांत मोलाचा आकडा. गूगल अर्थवरची उंची यासाठी वापरू नका. तिच्यात काही मीटरची चूक सहज असते आणि इथं प्रश्न फुटांचा आहे. ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) घेऊन येणारा सर्व्हेअर अर्ध्या दिवसात हे काम करतो. सत्तर-ऐंशी लाखांच्या व्यवहारात हा खर्च वाचवण्यात शहाणपण नाही.

आता रेषेची मर्यादा. ती आखताना नदीपात्राची जी रुंदी आणि खोली मोजली गेली, तिच्यावर ती अवलंबून असते. नंतर काठावर राडारोडा पडला, भराव झाला, पात्रातून रस्ता गेला, पुलाचे खांब वाढले, तर तेवढंच पाणी जास्त उंचीवरून जातं. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) नेला गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पार्किंग व तळमजले पाण्याखाली गेले, लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्याच धरणातून याहून मोठे विसर्ग आधी झालेले आहेत. म्हणून नुसता क्युसेकचा आकडा ऐकून काही ठरवू नका. २०२४ चं पाणी प्रत्यक्ष कुठवर आलं होतं, ती खूण शोधा. धरण फुटण्याचा विचार या रेषांत नसतो. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या खुणा वेगळ्याच उंचीवर आहेत आणि त्यावरून कोणी घर नाकारत नाही. माझ्या मते नाकारूही नये.

ओढा नदीपेक्षा फसवा

तुमच्या प्रश्नात मला जास्त खटकला तो मागचा ओढा. नदीला धरण आहे, विसर्गाची सूचना मिळते, काही तास हातात असतात. ओढ्याला यातलं काहीच नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर भागात हाहाकार उडवला; त्या रात्रीच्या पुरात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसांचा जीव गेला. धरणाच्या विसर्गाशी त्याचा संबंध नव्हता; डोंगरउतारावर काही तासांत कोसळलेला पाऊस आणि आक्रसलेला ओढा, एवढंच पुरलं. शिवाय नदीला जशा निळ्या-लाल रेषा असतात, तशा बहुतेक ओढ्यांना नसतात. ‘आमची इमारत पूररेषेत नाही’ हे वाक्य त्यामुळे शंभर टक्के खरं आणि तरीही निरुपयोगी असू शकतं.

नियमाप्रमाणे ओढ्या-नाल्यासारख्या लहान प्रवाहाच्या काठापासून ९ मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून १५ मीटर अंतर सोडायचं असतं. टेप घेऊन मोजा. मात्र काठ म्हणजे आज दिसणारी काँक्रीटची भिंत की मूळ ओढ्याचा काठ, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी दोन गोष्टी करा.

एक, महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गावाचा नकाशा उघडा. गटांच्या हद्दी बहुधा सरळ असतात. जिथं हद्द नागमोडी जाते आणि दोन गटांमध्ये बिननंबरी पट्टा दिसतो, तिथून बहुतेक वेळा ओढा वाहत असतो. तो पट्टा तुमच्या इमारतीखालून गेला असेल तर ओढा वळवलेला आहे. वळवणं बेकायदा असतंच असं नाही, पण वळवलेल्या ओढ्याच्या काटकोनी वळणावर पाणी भिंत ओलांडतं आणि जुन्या वाटेने निघतं.

दोन, संगणकावरच्या गूगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाच्या चिन्हावर क्लिक करून जुनी उपग्रहचित्रं बघा. पुण्याची चित्रं २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांपासून मिळतात. फेब्रुवारी ते मे मधलं चित्र निवडा. सगळं रान पिवळं असताना झाडझाडोऱ्याची जी गर्द रेघ दिसते, तो ओढा. तिची रुंदी तिथंच मोजपट्टीने मोजता येते. वीस वर्षांपूर्वी १८ मीटर रुंद असलेली रेघ आज ५ मीटरच्या गटारात बसवलेली दिसली, तर पुढची चौकशी कडक करा.

मग ओढ्याच्या कडेने वर आणि खाली दोन्हीकडे निदान पाचशे मीटर चाला. प्रत्येक मोरीची, म्हणजे रस्त्याखालून ओढा जातो त्या छोट्या पुलाची, रुंदी आणि उंची लिहून घ्या. खालची मोरी वरच्या मोरीपेक्षा लहान असेल तर पाणी मधे तुंबणार, आणि मधे तुम्ही आहात. मोरीच्या तोंडातून आडव्या गेलेल्या पाण्याच्या पाइपलाइनी आणि केबल दिसल्या तर फोटो काढा. थर्माकोल, गाद्या, फांद्या तिथंच अडकतात.

गणिताचा अंदाजही घेता येतो. समजा ओढ्याच्या या फाट्यावर वरून १० हेक्टर म्हणजे साधारण २५ एकरांचं पाणी येतं आणि परिसर बहुतेक काँक्रीटचा आहे. तासाला ६० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला ८० टक्के वाहून आला, तर तासाला ४,८०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.३३ घनमीटर पाणी झालं. ९०० मिलिमीटर व्यासाचा पाइप भरून वाहिला आणि पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर धरला, तरी त्यातून ०.९५ घनमीटरच जातं. उरलेलं रस्त्यावर. पाणलोटाचं क्षेत्र गूगल अर्थवर बहुभुज आखून मिळतं. क्षेत्र दुप्पट म्हणजे पाणीही दुप्पट.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. नदी चढलेली असेल तर ओढ्याचं पाणी नदीत शिरत नाही, ते मागे फुगतं. पावसाळी गटारातूनही उलटं येतं. त्यामुळे कुंपणभिंत कितीही उंच असली तरी पार्किंगच्या जाळीतून पाणी वर येताना दिसतं. सोसायटीच्या पावसाळी गटाराच्या तोंडाशी उलटं पाणी अडवणारी झडप आहे का ते विचारा. नसेल तर पहिल्या सभेत मागण्यासारखी ती वस्तू आहे. सिंहगड रस्ता आणि पर्वतीच्या बाजूला कालव्याचंही भान ठेवा. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजव्या कालव्याची भिंत खचली आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत ऐन उन्हात पूर आला. घर कालव्याच्या पातळीखाली असेल तर कालव्याच्या भरावाला ओल, उंदीर-खेकड्यांची बिळं, कडेला उगवलेली मोठी झाडं आहेत का, ते बघून घ्या.

इमारत स्वतः काय सांगते

रहिवाशांना ‘इथं पूर येतो का?’ असं विचारू नका. घराच्या किमतीत त्यांचाही जीव अडकलेला असतो. ‘२५ जुलै २०२४ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, जरा दाखवता?’ असं विचारा. इस्त्रीवाला, किराणा दुकानदार, शेजारच्या सोसायटीचा वॉचमन ही माणसं हात ठेवून उंची दाखवतात. तीन ठिकाणी विचारून तिन्ही उंच्या जुळतात का ते बघा.

ती उंची तुमच्या पार्किंगपर्यंत न्यायची असेल तर गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी पुरते. १५-२० मीटर नळीत बुडबुडा न राहू देता पाणी भरा, एक टोक खुणेशी धरा, दुसऱ्या टोकाला पाणी जिथं थांबेल तीच त्या पुराची पातळी. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने न्या. आता त्या पातळीशी या गोष्टी ताडून बघा: पार्किंगची फरशी, मीटर बोर्डाचा खालचा काठ, जमिनीखालच्या टाकीचं झाकण, जनरेटरचा चौथरा, जवळचा ट्रान्सफॉर्मर. माझा ठोकताळा असा की मीटर बोर्ड आणि टाकीचं तोंड त्या खुणेपेक्षा किमान ६० सेंटिमीटर वर हवं. टाकीचं झाकण फरशीच्या सपाटीत असेल तर पार्किंगमध्ये वीतभर पाणी आलं तरी ड्रेनेजचं पाणी पिण्याच्या टाकीत गेलं म्हणून समजा.

रंगरंगोटीकडे लक्ष द्या. पार्किंगच्या खांबांना आणि भिंतींना खालचे तीन-चार फूटच नवा रंग किंवा नव्या टाइल असतील, वर जुनाच रंग असेल, तर कारण विचारा. भिंतीला लोणा लागलेला असेल, म्हणजे पांढरी भुकटी आणि रंगाचे पापुद्रे, तर तो एका सरळ रेषेत संपतो की जिन्यापाशी, पाइपपाशी वेडावाकडा आहे ते बघा. सरळ रेषा पुराची किंवा जमिनीतून चढणाऱ्या ओलीची असते. वेडावाकडा डाग गळतीचा असतो आणि दुरुस्त होतो. मीटर बोर्ड नुकताच वर सरकवलेला, जुन्या जागी स्क्रूची भोकं, हीसुद्धा बोलकी खूण. लिफ्टच्या खड्ड्यात पंप बसवलेला दिसला तर तो कधी आणि का बसवला ते विचारा.

आणि सगळ्यांत खरं बोलणारी वस्तू म्हणजे सोसायटीची जमाखर्चाची वही. विक्रेत्यामार्फत मागील पाच वर्षांचे ताळेबंद आणि वार्षिक सभेची इतिवृत्तं मागा. जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत ‘डिझेल पंप भाडे’, ‘टाकी सफाई’, ‘लिफ्ट दुरुस्ती’, ‘गाळ काढणे’ अशी व्हाउचरं लागोपाठ असतील तर कोणाला काही विचारायची गरज उरत नाही.

नळाचं पाणी

हद्दीलगतच्या आणि नव्याने सामील झालेल्या गावांत पुरापेक्षा रोजचा त्रास पाण्याचा असतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. गाव महापालिकेत आलं म्हणजे जलशुद्धीकरण केंद्रातलं पाणी आलं, असं होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. तुमची सोसायटी नक्की कुठल्या टाकीवर आहे हे त्यामुळे नावानिशी विचारा: महापालिकेचं शुद्ध पाणी, विहिरीचं, बोअरचं की टँकरचं.

हिशेब सोपा आहे. १२० घरं, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ६४,८०० लिटर. १० हजार लिटरचे साडेसहा टँकर. यातलं नळाने किती येतं आणि टँकरने किती, हे बारा महिन्यांच्या टँकर बिलांवरून काढा. फक्त पावसाळ्यातलं बिल पाहून फसू नका, एप्रिल आणि मे बघा. सगळं पाणी टँकरचं असेल आणि टँकर हजार रुपयांना धरला, तर घरटी महिन्याला सुमारे १,६०० रुपये मेंटेनन्सवर चढतात.

पाण्याचा नमुना घरच्या फिल्टरमधून घेऊ नका. जमिनीखालच्या टाकीत येणाऱ्या नळाचा एक आणि गच्चीवरच्या टाकीतून घरात येणारा एक, असे दोन घ्या. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली वापरा, नळ दोन मिनिटं वाहू द्या, बाटली बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. निकाल वाचताना हे आकडे हाताशी ठेवा: भारतीय मानकाप्रमाणे १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय शून्य, विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात, कठीणपणा २०० पर्यंत, कमाल ६००, नायट्रेट ४५ च्या आत, क्लोरीन किमान ०.२. नायट्रेट जास्त आलं तर बोअरमध्ये मैलापाणी किंवा शेतातलं खत झिरपतंय, हा पहिला संशय. दोनशे रुपयांचं टीडीएस मीटर क्षार सांगतं, जंतू नाही. ८० टीडीएसचं स्वच्छ दिसणारं पाणीही आजारी पाडू शकतं.

भराव, उतार आणि भिंती

नदीकाठी काळी माती किंवा गाळ, त्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण, असं साधारण चित्र असतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमाच्या किंवा खडकाच्या थरापर्यंत नेला असेल तर इमारतीला त्रास होत नाही. मात्र कुंपणभिंत, पार्किंगची फरशी आणि ड्रेनेजचे चेंबर वरच्या वर टेकलेले असतात, ते खचतात. त्यामुळे पार्किंगच्या फरशीची भेग आणि खांब-तुळईच्या जोडाशी असलेली तिरपी भेग यांत फरक करा. दुसरी दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाघोली, मोशीकडे घर बघत असाल तर जुन्या दगडखाणीत भराव घालून झालेली जागा नाही ना, हे उपग्रहचित्रांत आधी बघा.

डोंगराकडेला घर असेल तर १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला बंदी आहे, म्हणजे ५ मीटर आडव्या अंतरात १ मीटरपेक्षा जास्त चढ नको. संरक्षक भिंतीला पाणी निचरणारी भोकं आहेत का, आणि पावसात त्यांतून पाणी खरोखर येतं का ते बघा. कोरडी भोकं आणि ओली भिंत म्हणजे मागे पाणी साचतंय. भिंत मधे फुगलेली असेल, वरची झाडं खाली झुकलेली असतील, तर तो फ्लॅट सोडा. जून २०१९ मध्ये कोंढव्यात अशीच एक कुंपणभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले. भिंत वरच्या सोसायटीची असेल तर तिच्या दुरुस्तीचा हक्क तुमच्याकडे नसतो आणि धोका मात्र असतो.

वास, धूर, आवाज

यासाठी यंत्रं लागत नाहीत, वेळ लागतो. एकदा पहाटे पाच ते सात, एकदा रात्री दहानंतर आणि एकदा रविवारी संध्याकाळी जा. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसते, म्हणून कचरा डेपोचा, ओढ्यातल्या मैलापाण्याचा वास तेव्हाच सर्वांत जास्त येतो. दुपारी दोनला फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटला ते ठाऊक असतं. उरुळी देवाची-फुरसुंगीकडे हा अनुभव नवा नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून पश्चिमेला काय आहे तेही बघा.

रेडी मिक्स काँक्रीटचा प्लांट जवळ असेल तर वासाऐवजी धूळ आणि रात्रभर मिक्सरची ये-जा. गॅलरीच्या ग्रिलवर आणि खिडकीच्या चॅनलमध्ये बोट फिरवा. करडी, सिमेंटसारखी चिकट धूळ लगेच ओळखू येते. नदीकाठी लग्नाची लॉन्स भरपूर. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. मोबाइलमधलं ॲप अचूक नसतं, पण बंद खिडकीत ६० दाखवत असेल तर वाद घालायची गरज नाही. लग्नाचा मुहूर्त पंचांगात बघून त्याच संध्याकाळी जा. सोसायटीच्या स्वतःच्या मैलापाणी प्रक्रिया केंद्राचा ब्लोअर तुमच्या बेडरूमखाली नाही ना, तेही रात्रीच कळतं.

समोरची मोकळी जागा आणि तारा

‘समोर काही होणार नाही’ या वाक्यावर गॅलरी विकली जाते. झोन दाखला आणि भाग नकाशा काढून त्या जागेवर कोणतं आरक्षण आहे ते वाचा. उद्यान लिहिलेलं असू शकतं, तसंच कचरा हस्तांतर केंद्र, मैलाशुद्धीकरण केंद्र किंवा ३० मीटरचा रस्ताही. प्रकल्प २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाचा असेल तर त्याला पर्यावरण मंजुरी लागते आणि ती कागदपत्रं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर असतात. पाण्याचा स्रोत, मैलापाण्याची क्षमता, नाल्याचं काय करणार हे बिल्डरने स्वतः त्यात लिहून दिलेलं असतं. जाहिरात आणि हे निवेदन शेजारी ठेवून वाचा, बराच उलगडा होतो.

उच्चदाबाच्या तारांचं गणित: ११ केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वर ते ३३ केव्हीपर्यंत इमारतीपासून आडवं अंतर किमान २ मीटर, त्यापुढे दर ३३ केव्हीला ०.३ मीटर वाढ. २२० केव्हीच्या वाहिनीला हे ३.८ मीटर होतं. तार वाऱ्याने झोका घेते आणि उन्हात खाली येते, ते धरून अंतर मोजायचं असतं. हिवाळ्यातल्या सकाळी डोळ्यांनी नव्हे.

पिंपरी-चिंचवडकडे घर बघणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथं ‘रेड झोन’ म्हणजे पुराची लाल रेषा नव्हे. देहूरोड आणि दिघीच्या दारूगोळा साठ्यांभोवतीचं ते संरक्षण खात्याचं बंधन आहे. निगडी, तळवडे, भोसरी, चऱ्होलीच्या काही भागांत स्वस्त मिळणाऱ्या गुंठेवारीचं कारण बहुधा तेच असतं. तिथं बांधकाम परवानगी आणि कर्ज दोन्ही अडतात. डोंबिवलीत रासायनिक कारखान्यांजवळ घर घेणाऱ्यांनी मे २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट आठवावेत. दोन्ही वेळा लांबवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या.

टोकनची पावती

क्रम असा ठेवा. पहिल्या दोन दिवसांत फुकटच्या तपासण्या: उपग्रहचित्रं, गाव नकाशा, ओढ्याकाठची चाल, इस्त्रीवाला. यातच बरेच फ्लॅट गळतात. उरला तर सोसायटीची वही, भाग नकाशा आणि पाण्याचा नमुना. सर्व्हेअर आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर शेवटी.

एजंटची घाई आवरत नसेल तर टोकन लहान ठेवा आणि पावतीवर हे लिहून विक्रेत्याची सही घ्या: ‘पूररेषेची व पार्किंगची पातळी, ओढ्याची हद्द आणि सोसायटीचे मागील पाच वर्षांचे हिशेब २१ दिवसांत खरेदीदाराला मिळतील, ते समाधानकारक न वाटल्यास टोकनची पूर्ण रक्कम सात दिवसांत परत.’ हे पुनर्विक्रीचं घर आहे. बिल्डरकडून नवीन घेताना रेरा कायद्याने नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही आणि इमारतीतल्या दोषांची पाच वर्षं जबाबदारी बिल्डरवर राहते. तुम्हाला यातला कुठलाच आधार नाही, जे काही आहे ते या पावतीवर.

तुमच्या फ्लॅटबाबत थेट सांगायचं तर, पार्किंगची फरशी २०२४ च्या खुणेच्या वर असेल, ओढ्याच्या मूळ काठापासून ९ मीटर सुटलेले असतील आणि खालची मोरी वरच्यापेक्षा लहान नसेल, तर घ्या. फरशी खुणेपेक्षा खाली, पण एक फुटाच्या आत असेल, तर मीटर बोर्ड आणि टाकीचं तोंड वर नेण्याचा, झडप बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. तीन फूट खाली असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी नको, कारण विकताना पुढचा खरेदीदारही हीच नळी घेऊन येईल. घेतलाच, तर भारत गृह रक्षा ही विमा कंपन्यांची प्रमाणित पॉलिसी पहिल्या पावसाळ्याआधी काढा. पूर, भूकंप, दरड आणि जमीन खचणं त्यात येतं, घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. पार्किंगमधली गाडी मात्र त्यात नाही; तिच्या विम्यात इंजिनात पाणी शिरण्याचं कलम वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि पाण्यात उभी गाडी चालू करून बघितली तर विमा कंपनी बहुधा त्यावरच बोट ठेवते.